खुर्च्या बसवा, पासिंग करा, खुर्च्या काढा

मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचा पाऊण वाजला होता. आमच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या बारा सीटर ट्रॅव्हलरमध्ये माझी अकरा वर्षांची मुलगी मागच्या बेडवर झोपली होती. मी आणि मामेभाऊ पुढच्या बाजूला. गाडीचं घर बांधून झालं होतं. लांब जायच्या आधी एक रात्र अंगणातच काढून बघू म्हटलं. उकाडा सहन होईना म्हणून भावाने एसी लावला. दहा मिनिटांत जळक्या प्लास्टिकचा वास आला. टॉर्च मारला तर बेडखालच्या प्लायच्या फटीतून धूर येत होता.

मागचं दार उघडायला गेलो तर ते उघडेना. कारण त्याच्यासमोर आम्हीच हौसेने कपाट बांधलं होतं. बाजूच्या सरकत्या दारातून पोरीला ओढून काढलं. भावाने बॅटरीची वायर हिसकून तोडली, त्याचा तळहात भाजला. बायको घरातून पळत आली. ती काही बोलली नाही, पोरीला घेऊन आत गेली. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ मला अजून पुरतो आहे.

मी पालखी मार्गावरच्या एका तालुक्याच्या गावात बावीस वर्षं पत्रकारिता करतोय. डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं, आधी काय घडलं ते सांगा, मग का घडलं ते शोधा. शॉर्टसर्किटने दुकान जळालं, उसाचा फड जळाला, उभ्या ट्रकने पेट घेतला, अशा शेकडो बातम्या मी लिहिल्यात. 'आगीचे नेमके कारण समजू शकले नाही' हे वाक्य तर डोळे मिटून टाईप होतं. या वेळी कारण समजलं आहे, म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

पहिलं कारण साधं शाळेतलं गणित आहे.

आमचा एसी पाऊण टनाचा, साधारण ९०० वॅटचा. घरात २३० व्होल्टवर तो चार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. गाडीतल्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. तिथे त्याच ९०० वॅटला ७५ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरचा तोटा धरला तर ८५ च्या घरात. म्हणजे घरच्यापेक्षा वीसपट करंट. आणि वायर कोणती टाकली होती? घरात टाकतात तीच, अडीच स्क्वेअर एमएमची. बॅटऱ्या मागे, इन्व्हर्टर पुढे, मधे वीस फूट वायर प्लायच्या आत दाबलेली. फ्यूज नाही. मी मिस्त्रीला नंतर विचारलं, तर म्हणाला, "दादा, घरच्या एसीला हीच वायर टाकतो की मी. आजवर कुणाची तक्रार नाही." तो खोटं बोलत नव्हता. पंचवीस वर्षं त्याने घरंच केलीत. गाडीतलं घर त्याला कुणी शिकवलं नाही.

दुसरं कारण मी स्वतः. आठ महिने मी रील बघत होतो. पिवळे दिवे, लाकडी फळ्या, खिडकीत मनीप्लांट, मागचं दार उघडलं की समोर समुद्र. त्या रीलमध्ये वायर किती जाडीची, फ्यूज कुठे, सिलेंडरच्या कप्प्याला खाली भोक आहे का, गाडीचं वजन किती झालं, संडासची टाकी कुठे रिकामी केली, यातलं काही नसतं. आणि मीही ते कुणाला विचारलं नाही. दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर अग्रलेख लिहिणारा माणूस आपल्या पोरीच्या बेडखाली काय घातलंय हे बघत नाही, ही माझी चूक आहे. ती मी कुणाच्या डोक्यावर टाकणार नाही.

पण तिसरं कारण आहे, आणि त्यासाठीच हा सगळा लेख.

गाडी बांधायला घेतली तेव्हा मी सरळ मार्गाने करायचं ठरवलं होतं. गाडी प्रवासी वाहतुकीत नोंदलेली, आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे दरवर्षी फिटनेसचं पासिंग. बारा खुर्च्या काढून बेड, ओटा, टाकी बसवली तर कागद कसे बदलायचे, हे विचारायला एका एजंटाकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "पत्रकारसाहेब, कशाला त्या भानगडीत पडता? खुर्च्या जपून ठेवा. पासिंगच्या आदल्या दिवशी नटबोल्टनं परत बसवा. पासिंग झालं की काढा. सगळे हेच करतात."

सगळे हेच करतात, हे खरं आहे. मी नंतर चौकशी केली. ज्यांनी ज्यांनी हौसेने गाडी बांधली, त्यातल्या बहुतेकांच्या घरात माळ्यावर, गोठ्यात, गच्चीवर ताडपत्रीखाली खुर्च्या आहेत. वर्षातून एक दिवस त्या गाडीत जातात. म्हणजे तपासणी होते ती बारा खुर्च्यांच्या गाडीची. माणसं झोपतात ती गाडी वेगळीच. तिच्यातली वायर, गॅस, वजन कुठल्याही अधिकाऱ्याने कधी बघितलेलं नसतं.

आता कायदा काय सांगतो ते बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणी पुस्तकात जे तपशील आहेत ते मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

हा कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. रस्त्यावर कुणीही काहीही वेल्डिंग करून गाडी पळवायची का? नाही. माझ्या बेडखालचा धूर हाच या कायद्याच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा आहे.

पण मग कायदेशीर कारवान आपल्याकडे आहेच ना? आहे. त्यासाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे. बसायला जागा, टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा, सगळ्याची व्याख्या आहे. मंजुरी देणाऱ्या संस्था आहेत, त्यातली एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. पण ही वाट कारखान्यासाठी आखलेली आहे. एक नमुना चाचणीला द्यायचा, मंजूर करून घ्यायचा आणि मग तशाच गाड्या काढायच्या. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि ज्याला एकच बांधायची आहे, त्याने त्या दारात काय करायचं? आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं केलं. पण त्याचा भर कारवान पार्क उभारणाऱ्यावर आणि व्यवसाय करणाऱ्यावर आहे. गल्लीतल्या गॅरेजमध्ये जुनी गाडी घेऊन उभा असलेला माणूस त्या धोरणात नाही.

मग उरतं काय? एक तर करू नका. नाहीतर चोरून करा. लोक चोरून करतात. आणि चोरून केलेल्या कामाची तपासणी होत नाही, विमा मिळत नाही, चूक झाली तर कुणाला सांगता येत नाही. माझा प्लाय जळाला, दोन बॅटऱ्या गेल्या, इन्व्हर्टर गेला. मी विम्याचा क्लेम केला नाही. काय सांगणार होतो? की बारा सीटर प्रवासी गाडीत बेडखाली आग लागली?

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, अंगणात धूर झाला तर. मग केरळमधलं वडकरा आठवा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कारवानमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसी चालवायला जनरेटर लावला होता. त्याचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला आणि झोपेतच त्यांचा जीव गेला, असं तपासात पुढे आलं. या वायूला वास नाही, रंग नाही. माझ्या वायरला निदान वास तरी आला.

बाहेरच्या देशांत काय करतात? जर्मनीत जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन घर बांधलं, तर तपासनीस ती एकच गाडी बघतो, बसलेल्या वस्तू बघतो आणि मग कागदावर ती निवासी गाडी होते. गॅस बसवला असेल तर त्याची तपासणी दर दोन वर्षांनी. न्यूझीलंडने २०२३ मध्ये कायदा करून सांगितलं, मोकळ्या जागी मुक्काम करायचा तर गाडीत पक्का बसवलेला संडास पाहिजे आणि तसं प्रमाणपत्र पाहिजे. कडक नियम आहेत. पण तिथे आधी दार आहे, मग दारावर पहारेकरी आहे. आपल्याकडे नुसता पहारेकरी.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. महाराष्ट्रात प्रश्न कमी आहेत का, की याने गाडीत बेड कसा बसवायचा यावर पोस्ट लिहावी?

हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. उत्तर माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर आहे. दिवाळी झाली की याच रस्त्याने बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजली, शेळी, म्हातारी, तान्हं पोर. पुढचे पाच-सहा महिने कोपीत. पाणी कुठून, संडासला कुठे, बाईमाणसाने अंघोळ कुठे करायची? याच रस्त्यावर रात्री ट्रकांची रांग लागते. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, किन्नर खाली ताडपत्रीवर. स्टोव्हवर भात शिजतो, तोही डिझेलच्या टाकीपासून चार हातांवर. मेंढपाळ आहेत, नंदीवाले आहेत, पाथरवट आहेत. चाकावरचं आणि वाटेवरचं जगणं या मातीला नवीन नाही. रीलवाल्यांनी ते काल शोधलं, एवढंच.

हौसेने रस्त्यावर राहणं आणि पोटासाठी राहणं एक नव्हे. माझी आणि त्या टोळीतल्या बाईची बरोबरी मी करणार नाही, केली तर मला लाज वाटली पाहिजे. पण रात्री दहा वाजता रस्त्याकडेला दोघांना लागतं ते सारखंच: सुरक्षित उभं राहायची जागा, पाण्याचा नळ, दार लागणारा संडास, घाण पाणी सोडायची सोय. एकासाठी केलं तर दुसऱ्याला मिळेल. आणि करायचंच झालं तर सुरुवात टोळीपासून व्हावी, व्हॅनपासून नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमत नाही असं सांगू नका. आषाढात आम्ही दरवर्षी बघतो. लाखो माणसं आमच्या गावातून जातात. टँकर येतात, फिरती शौचालयं येतात, मुक्कामाची जागा ठरलेली असते, प्रत्येक दिंडीचा ट्रक कुठे लागणार हे आधीपासून माहीत असतं. हीच यंत्रणा, हेच अधिकारी, हाच तालुका. आणि तो पालखी तळ उरलेलं वर्षभर काय करतो? पोरं क्रिकेट खेळतात, शेळ्या चरतात, कडेला प्लास्टिक साठतं.

म्हणून माझं म्हणणं तीन मुद्द्यांत.

एक. एका गाडीच्या तपासणीची सोय करा. ठराविक फी घ्या. गॅस, वायरिंग, वजन, बाहेर पडायचे मार्ग, धावत्या गाडीत बसायच्या खुर्च्या आणि पट्टे, एवढं बघा. नापास असेल तर नापास करा, पण काय चुकलं ते लिहून द्या. पास असेल तर कागदावर चढवा. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला गाडीतल्या बदलांच्या अटी ठरवायचा अधिकार दिलेलाच आहे. तो वापरा.

दोन. आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर, सुतार घडतात. त्यांना गाडीतल्या कामाचा महिन्याभराचा कोर्स द्या. आमच्या मिस्त्रीसारख्या माणसाच्या हातात कला आहे, माहिती नाही. माहिती दिली तर तालुक्यात चार पोरांना काम मिळेल, आणि फूड व्हॅनपासून फिरत्या दवाखान्यापर्यंत सगळ्या गाड्या नीट बांधल्या जातील.

तीन. पालखी तळ, बाजार समितीचं आवार, एसटी स्टँडच्या मागची मोकळी जागा, यातली काही वर्षभर रात्रीच्या मुक्कामाला खुली करा. नळ, दिवा, संडास, सांडपाण्याचा खड्डा. ड्रायव्हरला, टोळीला, फिरस्त्याला, सगळ्यांना.

आणि तोवर जे बांधतायत, बांधणार आहेत, त्यांच्यासाठी माझ्या जळलेल्या गाडीतून निघालेलं थोडं शहाणपण. पटलं तर घ्या.

वायर व्होल्ट बघून नाही, अँपिअर बघून घ्या. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत बोटाएवढी जाड केबल लागते आणि ती जितकी आखूड तितकी बरी. बॅटरीच्या प्लसजवळच, वीतभर अंतरात, फ्यूज पाहिजे.

घरगुती गॅसचा मोठा सिलेंडर गाडीत कोंबू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, फरशीवर साचतो. खिडकी उघडी असून उपयोग नाही. सिलेंडरचा कप्पा आतल्या बाजूने बंद पाहिजे आणि त्याला खाली, थेट बाहेर उघडणारं भोक पाहिजे. रोज रात्री रेग्युलेटर बंद.

गाडीत किंवा गाडीखाली जनरेटर लावून, शेगडी पेटवून झोपू नका. कितीही थंडी असो, कितीही उकाडा असो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो मनीप्लांटच्या आधी घ्या.

वजन करा. अठरा एमएमचा आठ बाय चारचा एक प्लाय ३० किलोच्या पुढे जातो. आम्ही चौदा वापरले. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. दोन ट्युब्युलर बॅटऱ्या शंभराच्या वर. साडेसातशे किलो झाले, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर. हे मला आगीनंतर, बाजार समितीच्या भुईकाट्यावर कळलं. आधी पुढची चाकं चढवा, मग मागची, वेगवेगळं वजन घ्या. याच गाडीने आम्ही आंबा घाट उतरणार होतो.

बाहेर पडायला दोन वाटा ठेवा आणि दोन्ही आतून उघडतात का ते अंधारात उघडून बघा. विझवायचं नळकांडं दाराजवळ ठेवा, ओट्यामागे नको.

आणि संडासची टाकी ओढ्यात रिकामी करू नका. खालच्या गावात तेच पाणी पितात.

आता आमच्या गाडीचं सांगतो. ती अंगणात उभी आहे. बॅटऱ्या काढल्यात, कपाट तोडलंय, मागचं दार मोकळं केलंय. भावाचा हात बरा झालाय. मुलगी अधूनमधून आत जाऊन बसते, अभ्यासाचं पुस्तक घेऊन. "बाबा, आपण जाणार का नाही?" असं विचारते. तिच्या आईसमोर विचारत नाही.

पुढच्या महिन्यात पासिंग आहे. परवा एजंटाचा फोन आला. "साहेब, खुर्च्या बसवायला पोरं पाठवू का?"

मी नको म्हटलं. त्याऐवजी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज दिलाय: माझ्या गाडीत मी हे हे बदल केले आहेत, हे माझ्या चुकीने असुरक्षित होते, ते दुरुस्त करून कायदेशीर नोंद करायची आहे, कार्यपद्धती लेखी कळवावी. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "असा अर्ज कुणी देत नाही हो." मी म्हटलं, "म्हणूनच देतोय." शिक्का मारून पोच घेतली आहे. दंड झाला तर भरेन, त्याची पावती इथेच टाकेन. उत्तर आलं तर तेही टाकेन.

तुमच्या माळ्यावर खुर्च्या असतील तर तुम्हीही एक अर्ज द्या. फक्त पोच घ्यायला विसरू नका.